कॅमेऱ्याला गाडी लागते

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. लोकांना पटकन पटणारी गोष्ट सांगायला आबा पाटणकर कशाला लागतो? ती कुणीही सांगतं."

गेल्या माघातली गोष्ट. आजऱ्याजवळच्या एका गुऱ्हाळावर मी फुकटचा रस पीत बसलो होतो. काहिलीत गूळ रटरटत होता, वाफेचे लोट उठत होते आणि पुण्याहून आलेली दोन पोरं, सानिका आणि तिचा भाऊ निनाद, गळ्यात कॅमेरे अडकवून भांडत होती.

"डोंगर वाकडा आलाय."

"लेव्हल हिरवी होती गं! मी बघूनच बटण दाबलं."

"मग वाकडा का आला?"

"डोंगरच वाकडा असेल."

मी एवढी वर्षं फोटोचा धंदा केलेला माणूस. असलं भांडण कानावर पडलं की मला राहवत नाही. शेवटी सानिकाच माझ्याकडे वळली. "आबा, तुम्हीच सांगा. कॅमेऱ्यातल्या लेव्हलवर विश्वास ठेवायचा की नाही?"

"तुमचे कॅमेरे इथपर्यंत कशानं आले?"

"गाडीनं."

"वाटेत घाट होते?"

"होते की."

"मग झालं. त्यांना गाडी लागली असणार."

काकवीचं बोट तोंडात घालता घालता निनाद थांबला. "कॅमेऱ्याला गाडी लागते?"

"का? तुला लागत नाही?"

सानिका फिस्सकन हसली, म्हणजे भावाला लागली असणार. गुऱ्हाळाचे मालक आप्पा इंगवले उसाच्या फडाकडे गेले होते आणि इतक्यात यायचे नव्हते. मी ऐसपैस मांडी ठोकली.

"ही गोष्ट खरी आहे," मी म्हणालो. "नावं मात्र सगळी खोटी घेणार. त्यातला एक माणूस अजून जिवंत आहे आणि फार रागीट आहे."

*

कॅमेऱ्यात लेव्हल नवीनच यायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पणजीच्या माझ्या भाच्यानं मला तसला एक कॅमेरा पाठवला. लाल गाडीतून, कंडक्टरच्या हाती, आंबोली घाटानं. ड्रायव्हर जेवायच्या वेळेला घरी पोचायचं ठरवून निघालेला होता, म्हणजे वळणं त्यानं कशी मारली असतील बघा.

कॅमेरा सुरू केला की पडद्यावर मधोमध एक रेघ यायची. कॅमेरा कलला की रेघ पिवळी. सरळ धरला की हिरवी. एवढंच. पण मी त्या रेघेनं खुळा झालो. जेवायला बसलो की आधी कॅमेरा ताटात ठेवायचा आणि मग आमटी.

"काय चाललंय काय तुमचं?" माझ्या बायकोनं, शालननं विचारलं.

"ताट शाळेच्या बाजूला दोन डिग्री कललंय."

"बरं झालं सांगितलं. मग मी आमटी शाळेच्या बाजूनं वाढते."

गावातल्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन मी गिऱ्हाइकांचे कल्ले तपासायला लागलो. त्या महिन्यात आजऱ्यात एकही कल्ला वाकडा राहिला नाही. मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्याला सांगितलं, देवाची गदा दीड डिग्री खाली आलीय. तो म्हणाला, "देव दमला असेल, तुम्ही घरी जा."

"आबा, फेकताय," निनाद म्हणाला.

"अजून सुरुवातच कुठं केलीय?"

तर आमच्या गावात एक मिस्त्री होता. त्याला आपण बाजीराव म्हणू. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. लोकांची बांधता बांधता स्वतःचं राहून गेलं होतं, ते त्यानं त्या वर्षी सगळ्यात शेवटी बांधलं. पुढं खांबांची ओसरी, वर गच्ची. गृहप्रवेशाला त्यानं अख्खा गाव जेवायला घातला. म्हणायचा, "आबा, ह्ये घर माझ्या पोरीच्या साखरपुड्यासाठी बांधलंय. पाव्हणं आलं म्हंजे त्यास्नी कळाय पायजे, कुणाची लेक न्हेताय ते."

पोरीला कल्याणी म्हणू. गडहिंग्लजला कॉलेजात होती, तिथंच तिची एका मुलाशी ओळख झाली. पोरापोरीनं एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं. आता फक्त मोठ्यांना, हे आपणच ठरवलं असं दाखवायचं होतं. मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातले इंजिनीयर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना साहेबच म्हणू. नोकरीत त्यांनी कित्येक ठेकेदार घरी बसवले होते. सिमेंट किती खाल्लं हे म्हणे भिंतीला नुसतं नाक लावून सांगायचे. आणि मिशा अशा, की बोलायच्या आधी त्या हलायच्या.

साखरपुड्याला मी कॅमेरा घेऊन हजर. आत चुलीवर कटाची आमटी उकळत होती, ओसरीवर अंगठ्यांचं तबक मांडलेलं. ऊन खांबांवर सुरेख आलं होतं, म्हणून मी म्हणालो, "आधी एक फोटो, मग अंगठ्या."

सगळे ओसरीपुढं उभे राहिले. मी रेघ हिरवी केली.

"साहेब, उजवा खांदा जरा वर."

"माझा खांदा जागेवर आहे."

"कॅमेरा म्हणतोय, एक डिग्री खाली आहे."

मिशा हलल्या. "काय म्हणतोय?"

आता इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "साहेब, या बघा तर. ही हिरवी रेघ खोटं बोलत नाही. जपानी माणसानं केलेली आहे."

साहेब ओळीतून बाहेर आले. चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. स्वतःच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"रेघ हिरवी, म्हणजे कॅमेरा सरळ?"

"दोरी मारल्यासारखा."

"नक्की?"

"साहेब, आमच्या घरात या रेघेला विचारल्याशिवाय आमटी वाढत नाहीत."

"मग हा खांब बघा."

मी बघितलं. पडद्यावर पाहुणे सगळे ताठ उभे होते आणि त्यांच्या मागं अख्खं घर, कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगायला वाकावं तसं, शाळेच्या बाजूला वाकलेलं. नुसत्या डोळ्यांना कळलं नसतं. पण त्या हिरव्या रेघेशेजारी खांब ठेवला की लपत नव्हतं.

"मिस्त्री," साहेब वळले, "पाया किती खणलात?"

"कडक मुरूम लागंस्तवर, साहेब."

"मग घर कललं कसं? पायात वाचवलंत, की सिमेंटात? जो माणूस स्वतःच्या घरात चोरी करतो, तो लोकांच्या घरात काय करत असेल?" आणि मग घरच्या बाईमाणसांकडे बघून म्हणाले, "अंगठ्या थांबवा."

नवऱ्या मुलानं "बाबा, अहो..." म्हणून सुरुवात केली. साहेबांनी नुसता हात वर केला आणि ते वाक्य तिथंच संपलं. कल्याणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पोरगी रडली नाही. पण चौकट मात्र अशी धरली होती की सोडली असती तर पडली असती.

मी घाईघाईनं मिस्त्र्याजवळ गेलो, पडदा त्याच्यापुढं धरला. म्हटलं, त्यानं काहीतरी उत्तर द्यावं, लेन्समुळं तसं दिसतं म्हणावं, काहीही म्हणावं. "बघा, मिस्त्री. ही रेघ."

त्यानं कॅमेरा नाकाशी नेला. "कुठाय रेघ?"

"ही काय, मधोमध."

"हां, हां. दिसली. हिरवी हाय की चांगली."

बॅटरी वाचवायला पडदा तेव्हा विझलेला होता. काळा कुळकुळीत. पण गडबडीत माणूस काहीही बोलतो.

"ओळंबा आणा," साहेब म्हणाले. "आत्ता सोक्षमोक्ष लागेल."

ओळंबा म्हणजे, पोरांनो, दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन. भिंतीशेजारी सोडलं की भिंत सरळ आहे का ते कळतं. पण आमच्याकडच्या जुन्या गवंड्यांची एक रीत होती. वास्तुशांत झाली की त्या घराला पुन्हा ओळंबा लावायचा नाही. लावला, तर घराला त्याच्या तोंडावर खोटं म्हटल्यासारखं.

"न्हाई लावायचा," बाजीराव म्हणाला.

"का? भीती वाटते?"

"वास्तुशांत झालीया, साहेब. आज माझ्या दारात ओळंबा टांगलासा, तर उद्यापासनं मी थापी हातात धरणार न्हाई. गावाला सांगा, बाजीराव मेला."

"बाबा, लावू द्या," कल्याणी दारातून म्हणाली. "सरळ असेल तर सरळच निघेल."

मिस्त्र्यानं लेकीकडे बघितलं. म्हणजे ती जिथं उभी होती त्याच्या जरा डावीकडे बघितलं. मग पायरीवर बसला आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागला. एवढा थोरला माणूस, ज्याच्या हातच्या भिंतींना पाठ टेकून गावातली पोरं मोठी झाली, त्याला कुणी चोर म्हणावं!

तेव्हा मी घसा खाकरला. "साहेब, घर राहू दे. कॅमेराच चुकत असेल तर?"

"मघाशी तर जपानी माणसानं केला होता."

"केला जपान्यानं. आणला लाल गाडीनं."

"म्हणजे?"

"आंबोली घाटातून आलाय. त्याच्या आतलं ते तोल सांगणारं यंत्र, त्याला गाडी लागली असेल. मला आंबोलीत दर खेपेला लागते."

पाहुण्यांत कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. पण ते होते हाडाचे इंजिनीयर. तपासाची गोष्ट निघाली की त्यांच्याच्यानं नाही म्हणवत नसे.

"तपासता येईल," ते म्हणाले. "गवंडी सपाटी बघायला पाणसळ ठेवतात, ती तपासायची जी रीत, तीच याला लावू. एका जागी ठेवायचा, रेघ कुठं झुकते बघायचं. मग त्याच जागी उलटा फिरवून ठेवायचा. कॅमेरा खरा असेल तर आधी डावीकडे झुकलेली रेघ आता उजवीकडे झुकेल, कारण खालची जमीन तीच आहे. पण दोन्ही खेपेला डावीकडेच झुकली, तर खोट कॅमेऱ्यात. पटतंय?"

"पटतंय की," मी म्हणालो. मला ते खरंच पटलं होतं, हीच तर पंचाईत.

अंगठ्यांचं तबक उचललं. ओसरीवर चौरंग ठेवला, त्यावर कुंकवानं चौकोन काढला. मी लेन्स काढून बाजूला ठेवली, म्हणजे कॅमेरा सपाट बसेल. एका अंगाला साहेब बसले, समोर मिस्त्री, भोवती अख्खं वऱ्हाड माना लांब करून. आचारी झारा घेऊन बाहेर आला. शेजारची म्हातारी कुणाला तरी विचारत होती, "नवरी बसवायची त्या चौरंगावर ह्ये डबडं का बसवत्यात?"

पहिल्या खेपेला पडदा साहेबांकडे. रेघ डावीकडे झुकली, पिवळी.

"डावीकडे," साहेब म्हणाले. "आता फिरवा."

मी कॅमेरा उचलला. आता पोरांनो, त्या घटकेला माझ्या हातात नुसता कॅमेरा नव्हता. एका बाजूला कल्याणीचं लग्न होतं, दुसऱ्या बाजूला बाजीराव मिस्त्र्याचं उभं आयुष्य. मी देवाचं नाव घेतलं, घाम पुसायला खिशातला रुमाल काढला, हात पुसले आणि कॅमेरा उलटा फिरवून अलगद चौकोनात ठेवला. आता पडदा मिस्त्र्याकडे.

"वाचा, मिस्त्री," साहेब म्हणाले. "तुम्हीच वाचा. मी वाचलं तर म्हणाल, फसवलं."

मिस्त्री वाकला. इतका वाकला की नाक कॅमेऱ्याला लागलं. त्यानं वरून पाहिलं, खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मी मान खाजवत होतो, ती नेमकी डाव्या बाजूनं.

"डावीकडंच हाय," तो म्हणाला.

"काय?"

साहेब आपल्या जागेवरून पुढं झुकले, कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. मग उठून मिस्त्र्याच्या मागं आले आणि पडदा बघितला. रेघ डावीकडे. पिवळीधम्मक. पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहायला लागले. मिशा हलायला लागल्या आणि थांबल्या.

"मिस्त्री, तुम्ही नीट बघितलंत?"

"बघितलं की, साहेब."

"सगळीकडून? अगदी बुडापासून?"

"लख्ख बघितलं."

साहेबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. वऱ्हाड ताटकळलं तरी ते पुसतच होते. मग चष्मा डोळ्यांवर चढवून उभे राहिले, बाजीरावाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कॅमेरा खोटा आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं, मिस्त्री. अंगठ्या आणा."

मग काय विचारता! आचाऱ्यानं झारा वाजवला. कल्याणीनं चौकट सोडली आणि पडली नाही, थेट आत पळाली. नवऱ्या मुलाला अंगठी घालायला इतकी घाई की ती त्यानं पहिल्यांदा चुकीच्या बोटात घातली. साहेबांनी बाजीरावाला आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पोळीवर तूप सोडलं. ती म्हातारी मला म्हणाली, "डबडं वाईट निघालं बघ तुझं. परत दिऊन टाक."

माझा धंदा मात्र बसला. गावभर झालं, आबाचा कॅमेरा वाकडा. लोक रस्त्यात भेटले की मान तिरकी करून बोलायचे. लग्नाच्या फोटोंसाठी कल्याणीच्या घरचे कोल्हापूरचा माणूस बघायला लागले, तेव्हा साहेबच म्हणाले, "आबांनाच बोलवा. फोटो वाकडे आले तरी चालतील." आणि खरं सांगतो, वाकडे आले. म्हणजे थोडे मीच आणले. गावात बोभाटा झाला होता, तो राखायला नको?

पुढं एकदा मला डोळे तपासायला मिरजेला जायचं होतं. एकट्यानं जायचा कंटाळा, म्हणून बाजीरावाला सोबतीला नेलं. तिथं गेल्यावर म्हटलं, आलायच तर तूही बसून घे खुर्चीत. माझे डोळे ठणठणीत निघाले आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू! नशीब बघा माणसाचं. ऑपरेशन झालं आणि पठ्ठ्या पुन्हा बांबूच्या पहाडावर चढून भिंती उभ्या करायला लागला.

*

"म्हणजे मिस्त्र्यांचं घर सरळ होतं," सानिका म्हणाली, "आणि लेव्हल चुकीची होती."

"घर ओळंब्यात. लेव्हलच एक डिग्री खोटी. आणि ती का खोटी, तर आंबोली घाट. म्हणून तुम्हाला सांगतो, कॅमेरा नेहमी पुढच्या सीटवर, खिडकीजवळ बसवायचा. आलं-लिंबू दिलं तर उत्तमच."

पोरं हसायला लागली. निनाद तर पोट धरून वाकला. मला वाटलं, गोष्ट जमली. पण पोरं माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्याच्या वरून, पाठीमागं कुठंतरी बघत होती.

"खोटं!"

मी वळलो. हातात उसाचं कांडकं घेऊन आप्पा इंगवले उभे होते. गुऱ्हाळाचे मालक, एके काळचे पाटबंधारे खात्यातले इंजिनीयर, आमचे ते रागीट साहेब. मिशा आता पांढऱ्या झाल्यात, पण बोलायच्या आधी अजून हलतात.

"साफ खोटं," आप्पा म्हणाले. "कॅमेरा खरा होता आणि घर वाकडं होतं. रुमालातून सुपारीचं खांड काढून तुम्ही कॅमेऱ्याच्या उजव्या कडेखाली सरकवलंत, आबा. मी समोरच बसलो होतो, चांगलं बघितलं. तोंड उघडणार, तेवढ्यात बघतो तर मिस्त्री त्या सुपारीला नाक लावून बसलाय आणि त्याला ती दिसत नाही. घर कशानं वाकडं झालं, ते तेव्हा कळलं मला."